आधी हळू चालवायला शीक

चि. मुक्तास,


आयुष्यातली पहिलीच मोटारसायकल म्हणून तू सुपर मीटिअर ६५० घेते आहेस, हे ताईकडून कळलं. मी तुझं मन वळवावं अशी तिची इच्छा आहे. ते मी करणार नाही. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाडीवरही शिकता येतं. फक्त तिथे शिकण्याचा क्रम चुकवून चालत नाही.

आपल्याकडे कायदा तो क्रम घालून देत नाही. युरोपात लायसन्सच्या पायऱ्या आहेत. आधी १२५ सीसीपर्यंतची गाडी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यानंतर हवी तेवढी मोठी. आपल्या आरटीओत गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स एकदा हातात पडलं की शंभर सीसी काय आणि अठराशे सीसी काय, दोन्ही चालवायला मोकळीक. म्हणून या पायऱ्या तुझ्या तुलाच बांधायच्या आहेत.

तुझी गाडी २४१ किलोंची आहे, म्हणजे रोज रस्त्यावर दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या दुपटीहून जड. मात्र ताशी साठच्या वेगात हे वजन जाणवत नाही, कारण चाकं फिरू लागली की गाडी आपला तोल आपणच सांभाळते. वजन कळतं ते सिग्नलला थांबताना, यू-टर्न घेताना, सोसायटीच्या उतारावर गाडी लावताना. नवशिक्याला भीती वाटते वेगाची, आणि मोठी गाडी आडवी होते ती बहुधा जवळजवळ उभी असताना. म्हणून आधी माणसाच्या चालीने गाडी चालवायला शीक. वेग नंतर येईलच.

सुरुवात इंजिन बंद ठेवून कर. डावीकडे उभी राहा, गाडी किंचित आपल्या कमरेकडे झुकव, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर ठेव आणि तिला ढकलत मैदानाला फेरी मार. कुठल्या कोनापर्यंत ती हलकी राहते आणि कुठून पुढे सावरेनाशी होते, हे हातांना कळू दे.

मग हाफ क्लच. क्लच सोडताना गाडी जिथे हळूच ओढ घ्यायला लागते, तिथेच बोटं थांबवायची, थोडी रेस कायम ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. या तिन्हींचा मेळ बसला की गाडी मुंगीच्या चालीनेही डगमगत नाही. मोठ्या गाडीची निम्मी विद्या यातच आहे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मात्र चुकूनही दाबू नकोस. पुढचं चाक जागच्या जागी अडतं, सगळं वजन आतल्या बाजूला येतं आणि गाडी कोसळते. थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ कर. वळताना नजर चाकासमोरच्या खड्ड्यावर नको, जिथे जायचं तिथे हवी. गाडी नजरेमागे जाते.

गाडी कोसळू लागलीच तर धरून ठेवू नकोस. पाय बाजूला काढ आणि तिला जाऊ दे. लेगगार्ड बदलता येतो, गुडघा नाही. उचलताना आधी इंजिन बंद कर आणि गाडी गिअरमध्ये टाक. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढ, नाहीतर उभी होताच पलीकडे जाईल. मग सीटला पाठ लाव, गुडघ्यांत वाक, हँडल आणि मागची पकड धरून मागे पावलं टाकत जा. जोर मांड्यांचा लागला पाहिजे, कमरेचा नाही.

पाय न टेकवता मैदानात आठचा आकडा निवांत काढता येऊ लागला की रस्त्यावर ये. तिथे पुढच्या ब्रेकशी मैत्री कर, कारण थांबण्याची खरी ताकद त्याच्यात आहे. तो एकदम आवळू नकोस, दाब वाढवत ने. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण ओल्या रस्त्याला पकड देत नाही. वेगात वळण्याची रीतही वेगळी असते. डावीकडे जायचं तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलायची, गाडी डावीकडे झुकते. हे ऐकायला उलटं वाटेल, मोकळ्या सरळ रस्त्यावर करून बघ.

घाट त्यानंतर. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ताम्हिणीला पहिल्या पावसात जाण्याचा मोह आवर, तेव्हा रस्त्यावरचं तेल वर येऊन निसरडं होतं. डबलसीट आणि सामानाच्या पेट्या सगळ्यांत शेवटी. त्या आल्या की टायरमधली हवा पुस्तिकेत दिलीय तशी वाढव आणि हळू चालवण्याचा सराव पुन्हा पहिल्यापासून कर, कारण वजनाची जागाच बदललेली असते.

आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे मैदानातसुद्धा घाल.

मागचा हॉर्न वाजवेल, मित्र घाई करतील. त्यांच्यासाठी एकही पायरी गाळू नकोस. लांबचे रस्ते कुठे जात नाहीत, आणि तुला त्यांवर वर्षानुवर्षं फिरायचं आहे. गाडी आली की कळव. रविवारी सकाळी मैदानावर येतो, ती उचलण्यापासूनच सुरुवात करू.

तुझा,
मामा