हातावेगळं

काम संपलं की आपण सहज म्हणतो, ‘झालं बाई एकदाचं हातावेगळं!’ त्यात सुटकेचा निःश्वास असतो. पण काही कामं खरोखरच हातापासून वेगळी व्हावी लागतात, तेव्हाच पुरी होतात.

न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आधी पॅरिसमध्ये उभा राहिला होता. रचना शिल्पकार बार्तोल्दी यांची, आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह आयफेल यांचा, आणि अंगावरचं तांबं कारखान्यातल्या कारागिरांनी लाकडी साच्यांवर ठोकून घडवलेलं. पुतळ्याची उंची ४६ मीटर, पण पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. १८८४ साली पॅरिसच्या छपरांच्या वर डोकं काढून तो उभा होता. मग तो पुन्हा खाली उतरवला गेला. साडेतीनशे तुकडे झाले, ते २१४ पेट्यांत भरले, आणि ‘इझेर’ नावाच्या जहाजातून जून १८८५ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. तिकडे चौथराच तयार नव्हता! जवळजवळ वर्षभर देवी पेट्यांत बसून राहिली.

मला कौतुक वाटतं ते या उतरवण्याचं. वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्या मंडळींना आपसात फारसं बोलावं लागत नाही. कोणता तुकडा कुणाच्या शेजारचा, हे हातांनाच ठाऊक असतं. भुवई उडाली की हातोडी पुढे येते. पण पेटी उघडणारे हात वेगळे असणार होते, त्यांची भाषाही वेगळी. त्यांना भुवई दिसणार नव्हती. म्हणून जे डोक्यात होतं ते तुकड्यावर उतरवावं लागलं: एक आकडा, एक खूण. त्या खुणांच्या भरवशावर परक्या माणसांनी देवी पुन्हा उभी केली आणि २८ ऑक्टोबर १८८६ रोजी तिचं अनावरण झालं.

आपल्याकडे पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत हेच दरवर्षी घडतं. साच्यातून मूर्ती काढणारा एक, घासणारा दुसरा, रंग देणारा तिसरा, आणि डोळ्यांची आखणी करणारा सगळ्यांत मुरलेला हात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी निघतात, कारण पुढे समुद्र असतो. बाहेर ऊन तापलेलं, आणि आत बाप्पा पेटीत बसतायत. सोंडेला आधार कुठे द्यायचा, बोटांभोवती भरण किती घालायचं, हे घडवणाऱ्यालाच नेमकं कळतं. पेटीवर शेवटचा खिळा बसला की कारागिरांपुरता तो गणपती संपला. त्याची आरती, मोदक, विसर्जन, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. पेटी उघडणारा माणूस त्यांना कधी भेटतही नाही. तरी भरण घालताना त्याचेच हात त्यांच्या नजरेसमोर असतात.

आपलं रोजचं काम मात्र बहुधा आपल्याच डोक्यात अडकलेलं असतं. कोणती फाइल कुठल्या कपाटात, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय, कुणाचे किती द्यायचे राहिलेत, हे एकालाच माहीत. कुणी विचारलं की उत्तर तयार: ‘मी आहे ना!’ तो माणूस चार दिवस रजेवर गेला की कचेरी अडते. आणि अडली हे ऐकून त्याला मनातल्या मनात बरंही वाटतं! आपल्यावाचून अडणं म्हणजेच आपली किंमत, असा हिशेब आपण मांडून ठेवलेला असतो.

पुतळ्याच्या पेट्या भरणाऱ्यांचा हिशेब उलटा होता. आपल्यावाचून अडू नये, हीच त्यांच्या कारागिरीची शेवटची कसोटी होती. पेटी भरणं हे काम घडवण्याहून हलकं नव्हे. ते घडवण्याचाच शेवटचा भाग.

आज एखादं काम हातावेगळं कराल, तेव्हा क्षणभर थांबून एवढंच पाहा: ही पेटी उघडणाऱ्याला आपल्याला फोन करावा लागेल का? लागणार असेल, तर काम अजून आपल्या हातातच आहे.