सोसायचं कुणी?

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक १४

थंडी-ऊन, सुख-दुःख येतं नि जातं, ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. शके १२१२ मध्ये माउलींनी हीच गीता प्रवरेकाठी, नेवाशात मराठीत उलगडून सांगितली.

त्या प्रवरेतल्या माशालाही ऊन सोसावं लागतं. पाणी २० अंशांवरून ३० वर गेलं, की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो. मग मासा कल्ले भराभर हलवतो. पण तो एकटा सोसत नाही. त्याच्या आतड्यात आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात असंख्य जिवाणू राहतात. अन्न पचवायला, रोगजंतू दूर ठेवायला ते मदत करतात. पाणी तापलं किंवा घाण झालं, की ही वस्तीही बदलते. कधी तो बदल माशाला तारतो, कधी वस्ती विस्कटते आणि रोग शिरतो.

मग कुणी म्हणेल, मासा जुळवून घेतो ना, मग नदीत सांडपाणी सोडलं तर काय बिघडलं?

इथेच श्लोक नीट वाचायला हवा. 'सोस' हे अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या वाट्याबद्दल सांगितलंय. दुसऱ्याला सोसायला लावायची ती परवानगी नव्हे. आपण मात्र जो गप्प सोसतो त्याच्यावरच जास्त टाकतो. आईवर, कामाच्या मावशींवर, नदीवरही.

आज एवढंच करूया : आपल्यासाठी कोण गप्प सोसतंय ते ओळखूया, आणि त्याचं थोडं ओझं स्वतः उचलूया.