दाराशेजारची पिशवी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वाड्यांमधून काही कामे ठरलेली असतात. पन्हळी साफ करायच्या, फुटकी कौले बदलायची, सुकी मासळी आणि मसाला घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचा, कांद्याच्या माळा उंच टांगायच्या. आपल्या आईवडिलांनी हे केले, त्यांच्या आईवडिलांनीही केले. अलीकडे या कामांत आणखी एकाची भर पडली आहे. घर अचानक सोडावे लागले तर हाताशी असावी म्हणून एक पिशवी भरून दाराशेजारी ठेवायची. सरकारी माहितीपत्रकांत तिला मोठे नाव आहे. आम्ही तिला साधी पिशवीच म्हणू.

ती भरणे मुळीच कठीण नाही. पिण्याचे पाणी. न शिजवता खाता येईल असे काही, म्हणजे चणे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटे. टॉर्च आणि सुटे सेल. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांची रोजची औषधे आठवडाभर पुरतील इतकी आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ओआरएसची पाकिटे, मलमपट्टी, साबण, एकेक जोडी कपडे, एक चादर, बायकांसाठी सॅनिटरी पॅड. एक शिट्टी, कारण अडकलेल्या माणसाचा घसा लवकर बसतो, पण शिट्टी वाजवण्याइतका श्वास त्याच्याकडे असतो. थोड्या सुट्या नोटा, कारण वीज गेली की एटीएमही बंद पडते आणि चार्जिंग संपले की मोबाइलवरून पैसे देणेही. जवळच्यांचे फोन नंबर कागदावर लिहून आणि त्याखाली 112 व जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा आणि स्नानसंस्काराचा दाखला यांच्या प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आणि शेवटची अट अशी की, पिशवी घरातल्या एका माणसाला उचलून भराभर चालता आले पाहिजे.

हे आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि राज्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. ती रात्र कोणी रेल्वेच्या डब्यात, कोणी ऑफिसात, कोणी अनोळखी माणसाच्या घरी काढली, हे आपल्यातल्या अनेकांना आठवते. जुलै 2018मध्ये आपल्या वसईत पाणी साचले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांतली माणसे अडकून पडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या भागात, भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि आदिवासी बांधवांनी थंडीच्या दिवसांत घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. मे 2021मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. तेव्हा पिशवी असावी की नसावी, हा प्रश्न व्यवहाराचा उरलेला नाही. आम्हांला विचार करावासा वाटतो तो दुसऱ्या एका प्रश्नाचा.

आमच्या घरी ही पिशवी पहिल्यांदा भरली ती 2019च्या मे महिन्यात. आदल्या वर्षी घरात पाणी शिरले होते, त्याचा धाक मनात होता. आजी ओट्यावर बसून पाहत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "देवावरचा भरवसा उडाला काय रे तुमचा?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

आजीचा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नव्हता. उद्याची काळजी वाहू नका, हे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे. आकाशातली पाखरे कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना पोसतो, असे तो म्हणाला. शिष्यांना पहिल्यांदा पाठवताना त्याने त्यांना झोळी, भाकर आणि पैसासुद्धा बरोबर घेऊ दिला नाही. आणि कोठारे मोठी बांधून निश्चिंत झालेल्या धनवानाची कथा तर आपण दर वेळी मान खाली घालूनच ऐकतो. मग आपली ही पिशवी म्हणजे त्या कोठाराचेच छोटे रूप आहे काय?

पण तेच शुभवर्तमान दुसरी बाजूही सांगते. दहा कुमारिकांपैकी ज्यांनी दिव्यासोबत तेलही घेतले त्यांना प्रभूने शहाण्या म्हटले. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने शिष्यांना वेगळी सूचना दिली. आता ज्याच्याजवळ थैली व झोळी आहे त्याने ती घ्यावी, असे संत लूक सांगतो. देव आपल्याला सांभाळतो म्हणून आपण शहाणपण गुंडाळून ठेवावे, असे ख्रिस्तसभेने कधीच शिकवलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टीला विवेकाचा मुख्य भाग मानले. त्यासाठी त्यांनी वापरलेला लॅटिन शब्द आणि देवाच्या पालनपोषणासाठी वापरला जाणारा शब्द एकच आहे. देव आपल्या लेकरांची तरतूद करतो. आपण घरच्यांची तरतूद करतो तेव्हा त्याच्याच कामात आपला लहानसा हात लागतो.

मान्नाची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. रानात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेला मान्ना किडला. सहाव्या दिवशी मात्र शब्बाथासाठी दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि तो राखलेला मान्ना किडला नाही. अन्न तेच, भांडे तेच. पहिल्या वेळी राखण्यामागे अविश्वास होता, दुसऱ्या वेळी आज्ञापालन होते. म्हणजे साठवणे हे आपोआप पाप नाही आणि आपोआप पुण्यही नाही. कशासाठी आणि कोणासाठी, हे पाहावे लागते.

खरे सांगायचे तर आजीलाही हे माहीत होते. तिच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कोरे लुगडे, रोझरी, मेणबत्ती आणि थोडे पैसे कित्येक वर्षे बांधून ठेवलेले होते, तिच्या शेवटच्या प्रवासासाठी. ते गाठोडे ती दर उन्हाळ्यात बाहेर काढून ऊन दाखवी. तिला मरणाची भीती नव्हती आणि देवावरचा भरवसाही कमी नव्हता. मागे राहिलेल्यांची धावपळ होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. आम्ही तिला त्या ट्रंकेची आठवण करून दिली तेव्हा ती हसली. तयारी आणि चिंता यांतला फरक तिच्या त्या गाठोड्यात होता. तयारी एका दुपारी आटोपते, मग ट्रंक बंद करून माणूस आपल्या कामाला लागतो. चिंता आटोपत नाही.

इथे हा लेख संपला असता तर बरे झाले असते. पण आजीने मग दुसरा प्रश्न विचारला. "आणि समोरच्या बाबांना कोण उचलणार?"

हा प्रश्न ऐकून आम्ही गप्प बसलो, त्यामागे कारण होते. आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळून होते. मुलगा कामावर, सून कामावर, दिवसभर ते एकटेच असत. जुलै 2018मध्ये पाणी अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात आले, तेव्हा आम्ही सगळे कामाला लागलो. जमिनीच्या कागदांची फाइल माळ्यावर गेली. दागिन्यांचा डबा गेला. टीव्ही गेला, मिक्सर गेला, तांदळाचा डबाही गेला. कशाचाही विसर पडला नाही. बाबांची आठवण झाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

त्यांना काही झाले नाही, ही देवाची कृपा. पण ती कृपा आमच्या हातून झाली नाही. वाडीच्या टोकाला, सखल भागातल्या भाड्याच्या खोल्यांत परप्रांतातून आलेली काही मुले राहत. त्यांच्याविषयी आम्ही एरवी काय बोलत असू ते इथे लिहवत नाही. त्यांच्या खोल्यांत पाणी सगळ्यांत आधी शिरले होते. वर येताना त्यांना बाबांचा आवाज ऐकू आला. त्यांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि चौघांनी उचलून शाळेच्या पहिल्या मजल्यावर नेले. त्यांच्याजवळ वाचवण्यासारखे सामान फारसे नव्हते. हात मोकळे होते आणि कानही.

त्या दिवसापासून आम्हांला वाटते की, पिशवीत काय भरावे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे तो कोणाला घेऊन निघायचे याचा. हेरोदाच्या भीतीने योसेफ मिसर देशाकडे निघाला, ते अशाच अचानक सुटलेल्या घरातून. रात्री उठून निघाला. त्याने बरोबर भाकर किती घेतली, सुताराची हत्यारे घेतली की नाही, मागी लोकांनी दिलेले सोने कुठे बांधले, यातले काहीही संत मत्तय सांगत नाही. बालक आणि त्याची आई, एवढीच यादी तो देतो. योसेफाने रिकाम्या हाताने प्रवास केला असेल असे नाही. पण शुभवर्तमानाने लक्षात ठेवले ते सामान नव्हे, माणसे.

त्याहून जुनी गोष्ट निर्गमाच्या पुस्तकात आहे. मिसरातून निघण्याच्या रात्री प्रत्येक घराने कोकरू घ्यायचे होते. कमरा कसून, पायांत वहाणा घालून, घाईघाईने जेवायचे होते. ती एका अर्थाने पहिली आणीबाणीची तयारीच. त्या तयारीत मोशेला एक बारीकशी आज्ञा मिळाली होती. एखादे कुटुंब कोकरासाठी लहान पडत असेल तर त्याने शेजारच्या घराला सोबत घ्यावे. पळायची घाई असतानाही देवाने शेजारी मोजायला लावले.

कोणी म्हणेल, शहाण्या कुमारिकांनी आपले तेल वाटून दिले नाही, त्याचे काय? त्या कथेतले तेल म्हणजे ज्याची त्याने राखायची जागृती आहे. आपल्या श्रद्धेचा आणि सत्कृत्यांचा दिवा दुसऱ्याला उसना देता येत नाही, असा तिचा अर्थ आपल्याला शिकवला जातो. पाण्याची बाटली मात्र देता येते. गोळ्यांची पट्टी अर्धी तोडून देता येते. खुर्चीचा एक पाय धरता येतो. जे वाटता येते ते न वाटण्यासाठी त्या कथेचा आधार घेणे बरोबर नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा संत बेसिल यांनी धनवानाच्या कोठारांवर कठोर प्रवचन दिले. तुमच्याकडे पडून असलेले अन्न भुकेल्याचे आहे, असा त्यांचा रोख होता. नुसते बोलून ते थांबले नाहीत, भुकेल्यांना जेवूही घातले.

पिशवीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला लोक झोपेत असताना दगडमातीची घरे कोसळली. तिथे पिशवीपर्यंत हात पोचायला वेळच नव्हता. मजबूत घर हीच तिथे खरी तयारी ठरली असती. आपल्याकडे पाणी का साचते, हेही आपल्याला ठाऊक आहे. पाणी सामावून घेणारी बावखले आपण बुजवली, सखल जागी भराव घातले, नाले अरुंद केले. एका हाताने बावखल बुजवायचे आणि दुसऱ्या हाताने पिशवी भरायची, याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही. शिवाय त्या भरावाचे पाणी पहिल्यांदा कोणाच्या खोलीत शिरते, तेही आपण पाहिले आहे.

मग आपण काय करावे? पिशवी जरूर भरावी, याच आठवड्यात. पण तिच्यात पाण्याची एक बाटली आणि बिस्किटांचा एक पुडा आपल्या घरच्या मोजणीपेक्षा जास्त असावा. आणि वर एक कागद असावा. त्यावर आपल्या आसपासच्या अशा एका माणसाचे नाव लिहावे, ज्याला स्वतःहून निघता येणार नाही. अंथरुणाला खिळलेले कोणी, एकटी राहणारी विधवा, दिवस गेलेली परगावची मुलगी, न ऐकू येणारे काका. तो माणूस आपल्या धर्मग्रामातला असलाच पाहिजे असे नाही. घरातल्या कोणी त्याच्याकडे जायचे, तेही आधीच ठरवावे. आजाऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तशरीर देणाऱ्या आपल्या सेवकांना कोणत्या घरात कोण पडून आहे ते माहीत असते. लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत त्यांच्यासोबत बसून ही नावे वाटून घेता येतील. अर्ध्या तासाचे काम आहे.

आमची आजी आता देवाघरी गेली. ट्रंकेतले गाठोडे जसे बांधून ठेवले होते तसेच निघाले, एकही वस्तू शोधावी लागली नाही. तिची सगळी तयारी झालेली होती. तरी तिला घरातून देवळापर्यंत न्यायला माणसांचे खांदे लागलेच. त्यातला एक खांदा समोरच्या बाबांच्या मुलाचा होता.

हे पवित्र कुटुंबा, रात्रीच्या वेळी घर सोडण्याचे दुःख तुम्ही जाणता. आमची घरे सांभाळा. आणि निघायची वेळ आलीच तर शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची आठवण आम्हांला द्या. आमेन.