काढलेले लाकूड

वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ओंकारनाथ ठाकूर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य; आणि पलुस्करांची तालीम मिरजेची. त्याच मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंबोरे घडवू लागले.

भोपळ्यावर बसणारी तुनाची तबली कोरताना काढलेले लाकूड पुन्हा लावता येत नाही. ती फार पातळ झाली, तर तारांच्या ताणाखाली दबते. म्हणून संयम हाच कारागिराचा धर्म, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु चुकीच्या भयाने जाड राखलेली तबली मुकी राहते, आणि ते मुकेपण भोगावे लागते गाणाऱ्याला. न करणेही नेहमीच निर्दोष नसते.

घोडीवरची जवारीही तारांनी झिजते, पुन्हा घासावी लागते. प्रत्येक दुरुस्ती घोडीला थोडी उणी करते. तेव्हा परत न फिरणारी कृती टाळणे ही नीती नव्हे. कानस चालवताना कान जागा ठेवणे, ही नीती. मिरजेत कोरणाऱ्याला वाराणसीत गाणारा दिसत नाही. तरीही त्याचे उत्तरदायित्व त्या न दिसणाऱ्या गळ्याशीच असते.