आधी पूर्ण विचार, मग निर्णय



आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३

काल रात्री नवापूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, सुरतला तीन दिवसांचं शिबिर केलं, लाइफच बदलली. आता पुढचा कोर्स आहे. आज रात्री बाराच्या आत पैसे भरले तर सूट मिळते. पंचवीस हजार देशील?" मी विचारलं, मावशीला सांगितलंस का? म्हणाला, "निगेटिव्ह माणसांना आत्ता विचारू नका, असं सरांनी सांगितलंय."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. सात वर्षांपूर्वी पुण्यात मीही अशाच एका हॉलमध्ये बसलो होतो. मोबाइल बाहेर जमा. सकाळी नऊ ते रात्री अकरा. शंका विचारली की उत्तर एकच, "शंका हाच तुझा आजार." दुसऱ्या रात्री सगळ्यांसमोर बाबांवरचा जुना राग बोलून दाखवला, रडलो, टाळ्या मिळाल्या. मग फोन हातात देऊन तेच बाबांना ऐकवायला लावलं. बाबा एवढंच म्हणाले, "जेवलास का?" पुढच्या कोर्सचे पैसे मी क्रेडिट कार्डवर भरले. ते फेडायला चौदा महिने लागले. बाबांशी मोकळं बोलायला त्याहून जास्त.

आता आजचा श्लोक बघा. दोन्ही सैन्यं समोर उभी आहेत, शंख वाजून झालेत. घाई करायला यापेक्षा मोठं कारण काय हवं? तरी भगवंत अर्जुनाला म्हणतात, मी सांगायचं ते सांगितलं, आता यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. तिसऱ्या अध्यायात तर अर्जुन तक्रारच करतो की तुझ्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय. कृष्ण त्याला गप्प बसवत नाहीत, पुन्हा समजावतात.

कुणी म्हणेल, पण शरण जायलाही गीतेतच सांगितलंय ना? हो, ६२व्या आणि ६६व्या श्लोकात. पण त्या दोन्हींच्या मध्ये, ६३व्यात, स्वातंत्र्यही दिलंय. विचाराला वेळ न देता मागितलेली शरणागती म्हणजे नुसता दबाव.

हा दबाव जीवावरही बेततो. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे या प्रेरक वक्त्याच्या शिबिरात लोकांना तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या बंद तंबूत बसवलं होतं. हजारो डॉलर भरून आलेली माणसं. तिघांचा जीव गेला. २०११ मध्ये रे दोषी ठरला, दोन वर्षांची शिक्षा झाली. कुणाला बांधून ठेवलं नव्हतं. पण "तू याहून खंबीर आहेस" असं ऐकल्यावर उठून जायची लाज वाटते. ती लाज मी अनुभवली आहे.

आमच्या नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. लहानपणी आम्ही दिवसभर ती हद्द ओलांडायचो, कुणी अडवायचं नाही. खऱ्या सत्संगाचं दार असंच असतं. आत या, प्रश्न विचारा, उठून जा, परत या.

मी भावाला म्हटलं, "शिबिरात तुला बरं वाटलं, ते खोटं नाही. पण आज रात्री पैसे नाही देणार. सकाळी मावशीजवळ बसून चहा पी, तिला सगळं सांग, मग फोन कर." तो रागावला, फोन ठेवला. बारा वाजून गेलेत. मी वाट बघतोय.

आजचा संकल्प : "आत्ताच ठरव" म्हणणाऱ्याला "उद्या सांगतो" म्हणायचं.

राम कृष्ण हरी 🙏