भक्ताची भक्ती

समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी आमच्या बत्तीस शिराळ्याचा मारुती कालक्रमाने अखेरचा, शके १५७६ चा, असे परंपरा सांगते. आणि त्याच सुमारास, इ. स. १६५५ मध्ये, गोमंतकाच्या साष्टी प्रांतात रायतूर येथे आंतोनिओ द साल्दान्या या जेझुइट पाद्र्याने पादुआच्या संत आंतोनीचे चरित्र मराठी आणि कोकणी या एतद्देशीय भाषांत रचून रोमन लिपीत छापून प्रसिद्ध केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध होता असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या मराठीत घाटावर रामाच्या दासाचे स्तवन चालले होते, त्याच मराठीत घाटाखाली ख्रिस्ताच्या एका दासाची कथा सांगितली जात होती, आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांपुढे प्रश्न एकच होता : ईश्वर जर सर्वसाक्षी आणि सर्वांस सन्निध आहे, तर त्याच्या भक्ताची भक्ती मनुष्याने कशासाठी करावी?

आमच्या बाजूस हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. मिरज, कोडोली या भागांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जो ख्रिस्ती धर्म आणला, त्यात संतांच्या मूर्ती नाहीत आणि संतांना नवसही नाहीत. ईश्वर व मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ असून त्याच्यापाशी दुसऱ्या कोणाची रदबदली लागत नाही, हा त्या पंथाचा सिद्धांत आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. देवाच्या दरबारात वशिल्यावाचून अर्ज दाखल होत नाही अशी कल्पना एकदा रुजली, की देवाच्या ठिकाणी मामलेदार आणि संताच्या ठिकाणी शिरस्तेदार दिसू लागतो, आणि भक्तीचे रूपांतर देवघेवीत होण्यास वेळ लागत नाही. कॅथलिक धर्मसत्तेलाही या धोक्याची जाणीव होतीच. १५६३ साली त्रेंतच्या परिषदेने संतांची प्रार्थना करणे हितकर आहे असा निर्णय देतानाच या व्यवहारातील भोळसट समजुती आणि द्रव्यलोभ यांचे उच्चाटन करण्याची ताकीद दिली, आणि उपासना केवळ परमेश्वराची, संतांना फक्त वंदन, हा भेद कायम राखला. गोमंतकात त्या धर्मसत्तेने राजसत्तेच्या हाताने जे केले, १५६० पासून ‘इन्क्विझिशन’चा जो अंमल बसविला आणि १६८४ मध्ये लोकांच्या बोलीवरच जो घाला घातला, ते विसरून तेथील कोणत्याही संताविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तथापि सत्तेची पापे तिच्या दफ्तरी जमा धरूनही, सामान्य मनुष्याने ज्या संताला आपल्या घरात आणले त्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

तो विचार करताना मला शिराळ्याचा मारुती फार उपयोगी पडतो. मारुती हा स्वतः उपासक आहे. तो राम नाही, आपण राम आहोत असा त्याचा दावाही नाही. त्याचे सारे सामर्थ्य दास्यातून आलेले आहे, आणि तरीही समर्थांनी गावोगावी जी मूर्ती उभी केली ती या दासाची. रामाची थोरवी सांगणाऱ्या पुरुषाला रामाच्या सेवकाची स्थापना करताना विसंगती वाटली नाही, याचे कारण मला असे दिसते की, ईश्वराचे दर्शन कोणास कसे होईल हे कोणालाच सांगता येत नसले तरी ईश्वरापुढे कसे उभे राहावे हे मात्र ज्याने उभे राहून दाखविले आहे त्याच्याकडे पाहूनच शिकता येते. संत हा वकील मानला की प्रेस्बिटेरियन आक्षेप बिनतोड ठरतो. तो वाटाड्या मानला की त्या आक्षेपाचा रोखच चुकतो, कारण वाटाड्या आपल्या बदली चालत नाही, तो आपल्यापुढे चालतो.

आंतोनी कसा चालला हे पाहिले म्हणजे त्याची वाट त्याने स्वतः निवडलेलीच नव्हती असे दिसते. इ. स. ११९५ च्या सुमारास लिस्बन शहरात जन्मलेला हा फेर्नांदो कोइंब्रा येथील मठात विद्याभ्यासात रमला होता. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष त्या नगरीत आले, आणि त्या दर्शनाने त्याने जुना मठ सोडला, त्या साधूंच्या संघात येऊन आंतोनी हे नाव घेतले आणि धर्मासाठी मरण्याच्या एकमेव इच्छेने तो मोरोक्कोला निघाला. तेथे पोचला तो आजारी पडला. परतीच्या वाटेवर वाऱ्याने जहाज भरकटले आणि मनात नसताना तो सिसिलीच्या किनाऱ्यास लागला. पुढे असिसीत संघाचा मोठा मेळावा भरला तेव्हा या अनोळखी परदेशी साधूला कोठे न्यावे याची कोणास फिकीर नव्हती; अखेरीस फोर्ली नगराजवळच्या एका डोंगरी आश्रमात त्याची सोय लागली आणि तेथे तो मुकाट्याने राहिला. १२२२ मध्ये फोर्ली येथे एका दीक्षाविधीच्या प्रसंगी प्रवचनाची तयारी कोणीच केलेली नाही असे आढळल्यावर वरिष्ठांनी त्याला आयत्या वेळी उभे केले, आणि त्या दिवशी त्याच्या अंगी काय आहे हे जगाला कळले. पुढची कीर्ती, संघाचा संस्थापक फ्रान्सिस याने त्याला अध्यापनाची दिलेली मुभा, १३ जून १२३१ रोजी पादुआच्या वेशीजवळ आलेला अकाल मृत्यू आणि वर्ष भरण्याच्या आत झालेली संतपदाची घोषणा, हे सर्व प्रसिद्धच आहे. मला मात्र मोरोक्को आणि फोर्ली यांच्यामधला तो काळ महत्त्वाचा वाटतो, ज्यात त्याची सर्वांत उदात्त इच्छा नाकारली गेली होती आणि दुसरी कोणतीच आज्ञा मिळालेली नव्हती. हीन वासना सोडणे कठीण असते. पण देवासाठीच धरलेला संकल्प देवानेच हातातून काढून घ्यावा आणि तरी मनुष्याने कडू होऊ नये, हे त्याहून पुष्कळ कठीण. ज्याला आयुष्यात अशी वेळ येते, त्याला पोथीतली तत्त्वे फारशी साथ देत नाहीत. येथून कोणी तरी गेलेला आहे एवढा दाखला त्याला पुरतो.

हरवलेल्या वस्तूंसाठी लोक आंतोनीचा धावा करतात त्याचे मूळही असेच पाहण्यासारखे आहे. कथा अशी की, एका नवशिक्या साधूने मठातून पळून जाताना आंतोनीची स्तोत्रसंहिता नेली. छापखान्यापूर्वीच्या त्या काळात हस्तलिखित पोथी मोलाची, आणि या पोथीत तर त्याची अध्यापनाची टिपणे होती. आंतोनीने प्रार्थना केली. तो तरुण पोथी घेऊन परत आला आणि मठातच राहिला. आपण किल्ल्या, अंगठ्या आणि कागदपत्रे मागतो. या कथेत पोथीबरोबर एक मनुष्य सापडला आहे.

गोमंतकात बार्देशातील शिवोलीच्या चर्चमध्ये आंतोनीच्या मूर्तीच्या हातात दोरी असून त्या दोरीला नाग आहे. बांधकामाच्या वेळी कामकऱ्यांना त्रास देणारा नाग संताच्या दोरीत सापडला, अशी तेथील आख्यायिका. नागाची दहशत आणि नागाचा आदर एकाच गल्लीत पाहत वाढलेल्या शिराळकराला ती परकी वाटत नाही. आमच्याकडे गोरक्षनाथांची कथा सांगतात : भिक्षेला आलेल्या नाथांना खोळंबावे लागले, विलंबाचे कारण विचारता मातीच्या नागाची पूजा चालली होती असे गृहिणी म्हणाली, आणि जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी विचारले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि न्यायालयाचे निर्बंध यांमुळे आमच्या नागपंचमीचे, जिवंत नाग पूजण्याचे, जुने स्वरूप पालटले, आणि मुक्या जिवाच्या हालअपेष्टा थांबत असतील तर ते पालटणे योग्यच झाले. पण नाथांच्या त्या प्रश्नाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. नाथांनी त्या बाईला वर दिला नाही, संकट निवारले नाही. ज्याला ती मातीच्या आडोशाने नमस्कार करीत होती, त्याच्यासमोर तिला उभे केले. मार्गदर्शक संताचे लक्षण मला याहून नेमके सांगता येत नाही.

आणि म्हणूनच नवसाला मी सरसकट नाके मुरडीत नाही. गोमंतकात १३ जूनच्या सणापूर्वी तेरा दिवस आंतोनीची प्रार्थना चालते. तीत काहीतरी मागायला आलेली माणसेच अधिक असतात, आणि त्यांनी प्रथमच निष्काम असावे अशी अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे. कॅथलिक लोकांत ‘आंतोनीची भाकर’ म्हणून वहिवाट आहे : मागणे पुरे झाले की बोललेली रक्कम संताच्या नावे गरिबांच्या अन्नासाठी द्यायची. म्हणजे हरवलेली अंगठी मागायला आलेली बाई घरी जाताना कोण्या उपाशी माणसाची देणेकरी होऊन जाते, आणि तो माणूस कोण, कोठे राहतो, त्याच्या दारी आज चूल पेटली की नाही, याची चौकशी तिला आता स्वतः करावी लागते.