सोसल्याशिवाय शिकता येतं का?

साताऱ्याकडची ही दोन भावंडं. ताई निवृत्त शिक्षिका. भाऊ ‘कमवा आणि शिका’ योजनेतून कॉलेजात काम करत शिकला, आता सरकारी नोकरीत अभियंता आहे. त्याच्या मुलाची दहावी झाली असून तो वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला निघाला आहे. खोली, मेसचा डबा, कपडे धुवायला बाई, सगळं ठरलं आहे. ताईला नेमकं तेच खटकतं.

ताई : स्वतःचा शर्ट तरी धुता येतो का रे त्याला?

भाऊ : नाही येत. आणि सध्या यायची गरजही नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. त्यात शर्टाला वेळ कुठून काढायचा? पहाटे उठून कॉलेजच्या बागेला पाणी घालायचं, मग तासाला पळायचं, हे मी केलंय. पोराच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून तर एवढी धडपड केली.

ताई : आणि घरी पाहुणा आला की त्याच दिवसांच्या गोष्टी अभिमानानं सांगतोस. ज्यानं तुला घडवलं, त्यापासूनच पोराला लांब ठेवायचं?

भाऊ : तोच तर पेच आहे, ताई. त्या कष्टांनी मला घडवलं हे खरं. पण तेव्हा घरात पैसा नव्हता. आता आहे. मग मुद्दाम गरिबी उभी करू? ते नाटक पोराला लगेच कळेल. शिवाय माझ्याबरोबरची काही मुलं मध्येच शिक्षण सोडून गेली. त्यांचं कोण सांगतं? जे टिकले तेच भाषणं देतात.

ताई : हे मात्र तू लाखमोलाचं बोललास. मी आणखी पुढचं बोलते. नुसत्या कष्टांनी माणूस वाढत असता तर आपल्या घरात सगळ्यात जास्त मी वाढले असते. तिसरीत होते तेव्हापासून चूल माझ्याकडे. त्याला कुणी कौशल्य म्हटलं नाही. पोरीला वळण लागतंय, एवढंच म्हणायचे. काय शिजवायचं, किती शिजवायचं, आधी कुणी जेवायचं, यातलं काही मला ठरवता यायचं नाही. हात तयार झाले, पण मी भित्रीच राहिले. नोकरी लागली, वर्ग माझ्या ताब्यात आला, तेव्हा कुठे स्वतःच्या डोक्यानं चालायला शिकले.

भाऊ : म्हणजे माझंच म्हणणं खरं. शर्ट धुऊन माणूस मोठा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली, ती तूच शाळेत शिकवायचीस ना? स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, ताण हाताळणं... त्यात धुणंभांडी कुठे आहेत? दोन दिवसांच्या शिबिरात घालतो त्याला.

ताई : शिकवायचे म्हणून तर सांगते. मुलं समानुभूतीची व्याख्या सुरेख लिहायची. पाचपैकी पाच गुण. मधल्या सुट्टीत मात्र डबा न आणलेलं पोर कोपऱ्यात एकटंच बसलेलं असायचं. वहीतलं त्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं नाही. तू हे सगळं कुठे शिकलास, आठवून बघ.

भाऊ : (थांबून) वसतिगृहात एकदा भाकरीची पाळी माझी होती. ज्वारीचं पीठ जुनं, विरीच नाही. थापायला घेतली की भाकरी चिरायची. बाहेर पोरं ताटं घेऊन बसलेली. एक मोठा मुलगा ओरडला, “पाणी उकळ, उकड काढ!” उशिरा का होईना, सगळे जेवले. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की एकदम एवढं दळण आणायचं नाही. सगळ्यांना पटवलं. दर आठवड्याला दळायला लागलो.

ताई : बघ, तुझ्या दहातली निम्मी कौशल्यं या एका भाकरीत आली. का आली? जेवणारे खरे होते, निर्णय तुझ्या हातात होता आणि चुकल्यावर सांगणारं कुणी शेजारी होतं. माझ्या चुलीपाशी जेवणारे होते, पण बाकीचं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. त्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. गरिबी तर गावोगाव होती, ती सगळ्यांना कुठे घडवत होती? या मुलांच्या पाठीशी माणसं होती, म्हणून ती उभी राहिली.

भाऊ : म्हणजे गरिबी वगळूनही ते साधेल?

ताई : पुणे जिल्ह्यातल्या पाबळला बघ. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती असं सगळं हातानं करून शिकतात आणि गावातल्या लोकांना लागणारी कामं करून देतात. काम बिघडलं तर समोर गिऱ्हाईक उभं असतं. ते काही नाटक नाही. गरज पोराची स्वतःचीच असली पाहिजे असं नाही. कुणाचीतरी खरी गरज त्याच्यावर सोपवलेली असली म्हणजे झालं.

भाऊ : पटतंय. पण पाबळला नीट नाही, ताई. असल्या कामात महिन्यातले आठ-दहा तास गेले आणि थोडक्यात प्रवेश हुकला तर?

ताई : हुकू शकतो. काही बिघडणार नाही, असं खोटं मी तुला सांगणार नाही. पण दुसऱ्या बाजूचीही किंमत मांड. अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या एकाही चुकीचा चटका दुसऱ्याला बसलेला नसेल. आणि उद्या त्याला लोकांच्या जिवाचे निर्णय घ्यायचेत.

भाऊ : म्हणजे दोन्हीकडून त्याच्या आयुष्याचा जुगार मीच खेळायचा.

ताई : तू कशाला? त्याला विचार. खोलीत चार पोरं राहणार. भाडं, लाइटबिल, डबेवाल्याचा हिशेब यातलं कोणतं काम अंगावर घेतोस, ते त्यानं सांगावं. महिन्याचे पैसे त्याच्या हातात दे आणि मध्ये फोन करून विचारू नकोस.

भाऊ : आणि तो म्हणाला, मला फक्त अभ्यास करायचाय?

ताई : तर कारण विचार. त्यानं स्वतः विचार करून सांगितलं असेल तर मान दे, तोही निर्णयच आहे. तुझी भीतीच तो बोलत असेल तर पुन्हा बोलायला बस. मात्र एक कबूल कर. हिशेब चुकला, वीज तोडली, चार गुण कमी पडले, तरी “म्हणून सांगत होतो” हे वाक्य तुझ्या तोंडून यायचं नाही. चुकायची मोकळीक देणार नसशील तर जबाबदारीही देऊ नकोस. नाहीतर नुसती कामं त्याच्या अंगावर टाकशील आणि माझ्या चुलीचीच गोष्ट पुन्हा घडेल.